टाऊन हॉलचं म्युझियम, बाबूराव पेंटर आणि आपल्या पोरांची रंगपेटी



आपल्या या अंकात लागणीच्या तारखा असतात, खोडव्याचं खत असतं, पाचट कुट्टीची माहिती असते, बिलाच्या हप्त्यांचा हिशेब असतो. ते सगळं असायलाच पाहिजे. या खेपेला मात्र चार पानं आम्ही एका निराळ्या विषयाला दिली आहेत. विषय आहे चित्रांचा, मूर्तींचा, आणि त्या जिथं जपून ठेवल्या आहेत त्या कोल्हापूरच्या संग्रहालयांचा.

"ऊस सोडून हे काय काढलंय आता?" असं कुणी विचारलं तर त्यात गैर काही नाही. पण आमचं म्हणणं ऐकून घ्यावं. कारखान्याच्या शेअरवर ज्यांची नावं आहेत त्यांच्या प्रत्येकाच्या घरात शाळेला जाणारं एखादं तरी पोर आहे. त्यातलं एखादं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर बैल काढतं, ऊस भरलेली गाडी काढतं. मास्तर वही तपासताना कान पिळतात, घरी आल्यावर बाप म्हणतो, "चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" आणि विषय तिथंच संपतो. तो तिथंच संपावा की नाही, एवढंच या लेखात बघायचं आहे. शिवाय आपल्या तालुक्यात, आपल्याच बांधावर, शेकडो वर्षांची दगडी चित्रं उन्हापावसात पडून आहेत. त्यांचंही बोलायचं आहे.

सीपीआरच्या समोरची इमारत

मलकापूर, बांबवडे, शाहूवाडी, आंबा, कुठूनही कोल्हापूरला गेलो की आपली कामं ठरलेली. दवाखाना, कोर्टकचेरी, बाजार आणि अंबाबाईचं दर्शन. सीपीआर दवाखान्यात आपलं कुणी ना कुणी कधी तरी पडलेलं असतंच. त्या दवाखान्याच्या समोर, झाडांच्या आड, उतरत्या छपराची आणि उंच मनोऱ्यांची एक दगडी इमारत आहे. पेशंटचा डबा घेऊन आपण तिच्यासमोरनं दहादा जातो, पण आत पाऊल टाकलेले सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

ही टाऊन हॉलची इमारत. सन १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. नकाशा चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच हातचा. विलायतेतल्या गॉथिक पद्धतीची ही इमारत पूर्वी सभा-समारंभासाठी वापरात होती. पुढे १९४० च्या दशकात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तिथं सापडलेल्या वस्तू ठेवायला जागा हवी झाली, आणि त्यातून कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तेच पुढे टाऊन हॉलमध्ये आलं.

ब्रह्मपुरीचं काम हे पोरखेळ नव्हतं. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं पद्धतशीर खणून थरावर थर उघडे केले. खाली सातवाहनांच्या काळातलं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. विटांची घरं, भांडी, मणी, नाणी. त्याच टेकडीवर थोडं अगोदर, प्रा. कुंदणगार यांच्या प्रयत्नानं, ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा हाती आला होता. त्यात एक मूर्ती अशी निघाली की साऱ्या जगातल्या जाणकारांनी कोल्हापूरचं नाव लिहून घेतलं.

ती मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. पण ती आपल्याकडच्या कुठल्या देवाची नव्हे. तो ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव पोसायडन. आता बोला! पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून घाट चढून एवढ्या आत, हा परदेशी समुद्रदेव आला कसा? तर व्यापारानं. त्या काळी रोमच्या गलबतांतून माल कोकणच्या बंदरांत उतरायचा, इथून मिरी, कापड, मणी तिकडं जायचे. बंदरात उतरलेला माल घाट चढूनच देशावर यायचा. आंबा घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या आपल्या लोकांना घाटवाटांचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. आज आपली साखर आणि गूळ ट्रकनं रत्नागिरीकडं उतरतो, त्या काळी बैलांच्या पाठीवरनं माल चढत-उतरत होता, एवढाच फरक.

त्याच साठ्यात ब्राँझचा एक छोटासा हत्ती आहे. पाठीवर माणसं बसलेली. हा मात्र इथल्याच कारागिराच्या हातचा. विलायती देव आणि देशी हत्ती एकाच ठिकाणी सापडले. दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर आपला कारागीर कुठंही कमी पडलेला दिसत नाही. पोरांना हे दाखवायला पाहिजे. पुस्तकात 'सातवाहन काळ' असा एक धडा असतो, तो पाठ करून पोर विसरून जातं. त्या हत्तीसमोर पाच मिनिटं उभं केलं तर जन्मभर विसरणार नाही.

म्युझियममध्ये आणखी शस्त्रं आहेत, नाणी आहेत, आवारात तोफा आणि जुन्या दगडी मूर्ती आहेत. आणि एका दालनात कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. तिथं थोडं जास्त थांबावं.

आबालाल रहिमान

त्या दालनात आबालाल रहिमान हे नाव वाचायला मिळतं. कोल्हापूरच्या चित्रकलेची परंपरा सांगायची तर सुरुवात या माणसापासनं करावी लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते परत कोल्हापुरात आले आणि इथंच राहिले. मुंबईत थांबले असते तर पैसा मिळाला असता. पण त्यांचा जीव रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ आणि पंचगंगेचा घाट यातच रमला. सकाळचं ऊन, संध्याकाळचं ऊन, पावसाआधीचं आभाळ, एकच जागा त्यांनी पुन:पुन्हा काढली. शेतकऱ्याला हे पटकन कळेल. आपणही रोज तेच रान बघतो, पण आभाळ रोज निराळं असतं.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. ज्या राजानं राधानगरीचं धरण हाती घेतलं, सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्याच राजानं चित्रकार, गवई, नट आणि पैलवान सांभाळले. पाणी वेगळं आणि कला वेगळी असा हिशेब त्यांनी केला नाही. रयतेच्या पोटालाही पाहिजे आणि डोळ्यालाही पाहिजे, हा त्यांचा विचार होता.

१९२२ साली महाराज गेले. सांगतात की, आता चित्रं दाखवायची कुणाला, या दु:खानं आबालालनी आपली हजारो चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडून दिली. जुन्या कोल्हापुरात ही हकिकत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. पुढं १९३१ साली तेही गेले. आज त्यांची जी थोडी चित्रं उरली त्यातली काही टाऊन हॉलमध्ये बघायला मिळतात. बाकीची गेली ती गेली. कदर करणारा माणूस उठून गेला की काय होतं, हे त्या उरलेल्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर कळतं.

बाबूराव पेंटर आणि 'सावकारी पाश'

आता ज्या माणसाबद्दल आम्हाला सर्वांत जास्त लिहायचं आहे ते बाबूराव पेंटर. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. घराणं सुतारकामाचं आणि कारागिरीचं. कुठल्या मोठ्या कलाशाळेत ते गेले नाहीत. मावसभाऊ-आतेभाऊ जसे एकमेकांच्या जोडीनं कामाला लागतात तसे ते आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडद्यावरचा राजवाडा खरा वाटावा असं काम. पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. स्वत:च्या हातानं कॅमेरा तयार केला आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंनी. सावकार मागं राहिले आणि एक गायिका पुढं झाली.

१९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यात भीम कीचकाला मारतो तो देखावा एवढा खरा झाला होता की सरकारनं त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. सिनेमाची मोठी रंगीत पोस्टरं स्वत: रंगवून लावण्याचं कामही त्यांनीच पुढं आणलं.

पण आपल्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम १९२५ सालचं. त्या साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. तोवर आपल्याकडचे सिनेमे देवादिकांचे, राजेरजवाड्यांचे. या सिनेमाचा नायक एक शेतकरी होता. सावकाराच्या खोट्या कागदापायी त्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीत मजूर होतो, एवढीच गोष्ट. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. झोपडी, तिच्याबाहेर भुंकणारं कुत्रं, अंधार, एवढ्यातनं बाबूरावांनी शेतकऱ्याची दैना दाखवली. १९३६ साली त्यांनी हीच गोष्ट पुन्हा बोलपट करून काढली. जुन्या मूकपटाची फिल्म मात्र आज पूर्ण बघायला मिळत नाही.

आता हे सहकारी साखर कारखान्याच्या अंकात का लिहावं? कारण आपली संस्था ज्या दुखण्यावर औषध म्हणून जन्मली, त्याच दुखण्याचं चित्र बाबूरावांनी काढलं होतं. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि मग गावोगाव तीच वाट पडली. आज सोसायटीचं कर्ज, कारखान्याचं बिल, हे सगळं आपण हक्कानं मागतो, प्रसंगी सर्वसाधारण सभेत भांडूनही मागतो. आपला आजा-पणजा कुठल्या अवस्थेत होता हे सांगणारा कागद बहुतेकांच्या घरात नाही. ते एका पेंटरनं पडद्यावर मांडून ठेवलं. म्हणून चित्र हा रिकामटेकड्याचा धंदा आहे असं म्हणण्याआधी 'सावकारी पाश' आठवावा.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी बघा. दामले, फत्तेलाल, शांताराम. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. फत्तेलाल हे कागलचे, मुळात चित्रकार. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी केलेला 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. कुंचला हातात धरणाऱ्या पोरांनी कुठपर्यंत मजल मारली, याचा हा हिशेब आहे.

आणखी काही ठिकाणं, काही हात

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी' या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात शिवराय झालेले चंद्रकांत आपल्या जुन्या माणसांना चांगले आठवतात. पण ते मुळात चित्रकार होते, हे अनेकांना ठाऊक नसतं. डोंगर, नद्या, झाडं, गावं त्यांनी आयुष्यभर काढली. कापसानं किंवा बोटानं पावडर घासून सावली-उजेड दाखवण्याची, म्हणजे पावडर शेडिंगची त्यांची हातोटी वाखाणलेली. आपलं राहतं घर आणि आतली चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. घर विकून पैसे करणं अवघड नव्हतं. त्यांनी ते लोकांना बघायला ठेवलं.

जी. कांबळे हेही कोल्हापूरचे. 'मुघल-ए-आझम'सारख्या सिनेमांची पोस्टरं त्यांच्या हातची. शिवछत्रपतींचं शासनमान्य चित्रही त्यांचंच. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेत ज्या तसबिरीला आपण हार घालतो, तिच्यामागं कोल्हापूरच्या एका पोस्टर पेंटरचा हात आहे. कावळा नाक्याला महाराणी ताराराणींचा उधळलेल्या घोड्यावरचा पुतळा लागतो. तो शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचा. घोडा मागच्या पायांवर तोलून धरणं हे किती कठीण, ते ज्यानं कधी बैलगाडीचा तोल सांभाळला आहे त्याला समजेल.

बायामाणसांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बघावं. जुन्या गावगाड्याचे देखावे तिथं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहेत. बारा बलुतेदार, शेतात राबणारी माणसं, जनावरं. आजीनं नातवाचा हात धरून "हे असं होतं बघ आमच्या वेळंला" म्हणून सांगावं अशी ती जागा आहे. नव्या राजवाड्यातलं शहाजी छत्रपती म्युझियम १९७४ पासनं आहे. दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. तिथं चित्रकारांची प्रदर्शनं वरचेवर भरत असतात. तिथं सूट-बूट लागत नाही. धोतर-टोपीतला माणूस आत गेला तर कुणी अडवत नाही, उलट चित्रकार स्वत: उठून चित्र समजावून सांगतो.

पोरांच्या चित्रकलेचं काय?

आता घरच्या प्रश्नाकडं येऊ. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन शासकीय रेखाकला परीक्षा दरवर्षी होतात. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या या परीक्षा आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन असे विषय. इंटरमिजिएटला स्थिरचित्र आणि घनभूमिती वाढते. त्या साधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस होतात. इंटरमिजिएट पास झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. 'अ' श्रेणीला सात, 'ब'ला पाच, 'क'ला तीन. नियम आणि फॉर्मच्या तारखा दर साली शाळेत विचारून घ्याव्यात. दहावीला एकेका गुणासाठी क्लासला हजारो रुपये घालणारे आपण, हे सात गुण मात्र सोडून देतो.

बऱ्याच खेड्यांतल्या शाळांत स्वतंत्र चित्रकला शिक्षक नाही, ही खरी अडचण. जिथं आहे तिथं त्याचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. पालक सभेत आपण इमारतीबद्दल बोलतो, पोषण आहाराबद्दल बोलतो. "चित्रकलेचे तास होतात का?" हे कुणी विचारत नाही. पालकांनी विचारायला सुरुवात केली की शाळा दखल घेते, हा अनुभव इतर बाबतीत आपल्याला आहेच.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. दोन पेन्सिली, एक रबर, कागद आणि जलरंगाची साधी पेटी. विषय तर आपल्या दारात पडलेत. मोळी बांधणारी बाई, उसाच्या फडातनं निघालेली गाडी, गुऱ्हाळावरची काहील, पाटाच्या कडेनं बसलेले बगळे, रोप लावणीच्या चिखलात वाकलेली रांग, आंब्याच्या बाजूनं चढून येणारा पाऊस. स्मरणचित्राच्या पेपरला बाजार, शेतातलं काम, यात्रा असलेच विषय यायचे. शहरातल्या पोराला बैल आठवून काढावा लागतो. आपल्या पोराला बैलाचं वशिंड कुठं येतं आणि जू मानेवर कुठं बसतं हे पाठ असतं. पोराला एवढंच सांगावं, की दुसऱ्याच्या चित्रावरनं उतरवू नकोस, समोर बघून काढ. आणि जुनं चित्र फाडू नकोस, मागं तारीख घालून ठेव. वर्षानं काढून बघितलं की हात किती सुधारला ते त्याचं त्यालाच दिसतं.

"पुढं काय?" हा प्रश्न रास्त आहे. चित्र काढणारं प्रत्येक पोर बाबूराव पेंटर होत नाही, हे आम्हीही मान्य करतो. पण वाटा आहेत. कोल्हापुरात दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन महाविद्यालय या जुन्या संस्था आहेत. चित्रकला शिक्षकाची पदविका, चित्रकला, जाहिरात कला, शिल्पकला असे मार्ग आहेत. पदवीला जायचं तर राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. १८५७ साली सुरू झालेली मुंबईची जे. जे. कलाशाळा अजून चालू आहे, आणि २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हाताच्या कामाकडं बघायचं तर हुपरीच्या चांदीला नक्षी लागते, शाहूपुरीतल्या आणि गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती करणारे हात लागतात, सिनेमाला आणि कार्टूनला कॉम्प्युटरवर चित्र काढणारी पोरं लागतात. हात कॉम्प्युटरवर चालवायचा असला तरी तो आधी कागदावर बसलेला असावा लागतो.

नक्षीला आणि घाटाला किंमत असते का, अशी शंका असेल तर २०२५ साली काय झालं ते बघा. इटलीतल्या प्राडा नावाच्या बड्या कंपनीनं मिलान शहरात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडनं ओरड झाली तेव्हा त्यांनी ही कारागिरी भारतातली असल्याचं कबूल केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. आपल्या चर्मकार बांधवांनी पिढ्यान्पिढ्या बसवलेला घाट परदेशी कंपनीला उचलावासा वाटला, तो फुकट उचलावासा वाटला, आणि आपल्याला मात्र त्याची किंमत तोवर कळली नव्हती. आपल्या मालाची ओळख आपणच सांगितली नाही तर दुसरा आपल्या नावानं विकतो, हे ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्या बांधावरचं संग्रहालय

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. आपला मुलूख जुना आहे. शिलाहार राजांची एके काळी पन्हाळ्याला राजधानी होती. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभूंनी देह ठेवला तो आपल्याच मुलखात. अशा मुलखात लढून पडलेल्या माणसांसाठी गावानं दगड उभे केले. त्यांना वीरगळ म्हणतात. मारुतीच्या देवळापुढं, पाणवठ्यावर, गावच्या वेशीत, शेताच्या बांधाला ते दिसतात.

वीरगळ वाचायला सोपी आहे, फक्त खालनं वर वाचायची. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, वीर पडलेला असतो. तिथं गाई कोरलेल्या असतील तर तो गावची गुरं सोडवताना पडला असं समजावं. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. सर्वांत वर चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर ते आहेत तोवर याचं नाव राहो. नुसता बांगड्या घातलेला हात कोरलेला असेल तर तो सतीचा दगड. कुठं गाढव कोरलेलं दिसलं तर ती गद्धेगळ. दिलेल्या जमिनीचं दान कुणी मोडलं तर त्याला शाप, असा तो त्या काळचा सात-बाराच म्हणायचा.

आज या दगडांचं काय चाललंय? कुठं त्यावर धुणं धुतात, कुठं ताली घालताना ते बांधात जातात, कुठं जेसीबीनं सपाटीकरण करताना फुटतात, कुठं ऑइलपेंटच्या थराखाली चौकटी बुजतात. कुणी मुद्दाम करत नाही. माहीत नाही म्हणून होतं. आपल्याच गावच्या गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाच्या चित्रावर आपण घमेली घासतोय, हे कळल्यावर कुणीही हात मागं घेईल.

रान नांगरताना, विहीर खोदताना, पाइपलाइनची चर काढताना नाणी किंवा मूर्ती सापडली तर कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवलं पाहिजे. लपवलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड, शिवाय वाटाही जातो. कळवलं तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यात धरलेला आहे. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावी अशी तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंद करण्याचा १९७२ चा कायदा निराळा आहे. तेव्हा रात्री कुणी "पार्टी आणतो" म्हणून आला तर त्याच्या नादी लागू नये. ब्रह्मपुरीचा पोसायडन कुणी असाच भंगारात घातला असता तर आज कोल्हापूरचं नाव जगाला कळलं नसतं.

जपलेलं काही कायम टिकतंच असंही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालापासनं उभं असलेलं ते नाट्यगृह एका रात्रीत कोळसा झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शासनानं पुनर्बांधणी हाती घेतली हे बरं झालं. पण जुन्या लाकडाला लागलेला शंभर वर्षांचा गाण्याचा वास नव्या लाकडाला कसा येणार? हातात आहे तोवर जपावं, एवढाच त्यातला धडा.

आम्ही काय सुचवतो

लांबलचक बोलून झालं. आता करण्याजोग्या चार गोष्टी.

पहिली, पोरांची सहल काढताना शाळेनं टाऊन हॉल म्युझियम धरावं. तिकीट आणि सुट्टीचा वार आधी चौकशी करून जावं. सीपीआरला गेलेल्या सभासदांनीही तासभर काढावा, पेशंटसोबतच्या माणसाचा जीवही जरा हलका होतो.

दुसरी, सातवी-आठवीतल्या पोराचं एलिमेंटरीचं नाव घातलं आहे का, हे येत्या पालक सभेत विचारावं. मुलींचंही विचारावं. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या हाताला संकल्पचित्र शिकवावं लागत नाही.

तिसरी, आपल्या गावातल्या वीरगळी मोजाव्यात. त्या जागच्या हलवू नयेत, रंगवू नयेत, खरडून धुऊ नयेत. कडेचं गवत काढून सरळ उभ्या कराव्यात, आणि त्यांचे फोटो व जागा ग्रामपंचायतीच्या दफ्तरी नोंदवून ठेवाव्यात. शाळेतल्या पोरांकडनं त्यांची चित्रं काढून घेतली तर दोन्ही कामं एकदम होतात.

चौथी, गळीत हंगाम संपल्यावर गावोगावच्या शाळांतल्या मुलांची चित्रं सर्वसाधारण सभेच्या दिवशी मंडपात लावावीत, असं आम्हाला वाटतं. दोरी आणि चिमटे एवढाच खर्च. अहवाल वाचून होईपर्यंत सभासदांनी चित्रं बघावीत, आणि आपल्या नातवाचं चित्र शोधावं.

ऊस बारा महिन्यांत, आडसाली असला तर अठरा महिन्यांत तयार होतो. पोराचा हात तयार व्हायला त्याहून जास्त वर्षं लागतात, आणि मध्येच पाणी तोडलं तर तो वाळून जातो. एवढं ध्यानात धरून यंदा दिवाळीच्या बाजारात फटाक्यांतले थोडे पैसे बाजूला काढावेत आणि घरी एक रंगपेटी आणावी, अशी सर्व सभासदांना विनंती.